मागच्या डाव्या सीटवरून: एस-क्लाससोबतचे १४ महिने

गाडी मर्सिडीज-बेंझची एस-क्लास, मॉडेल एस ३५० डी, म्हणजे डिझेल. घेऊन १४ महिने झाले आणि मीटर २३ हजारांच्या पुढे गेलाय. त्यातलं जवळपास निम्मं पळणं कोल्हापूर–पुणे आणि परत. त्यामागचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. माझे वडील, आबा, ७९ वर्षांचे आहेत. त्यांनी सारं आयुष्य फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, उभं राहून काढलं. कमरेचे मणके झिजलेत. ओतकाम फोडण्याच्या आणि ग्राइंडिंगच्या आवाजानं डावा कान गेलाय, उजव्या कानात मशीन आहे. दर पंधरा-वीस दिवसांनी त्यांना पुण्याला डॉक्टरांकडं न्यावं लागतं. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. ही गाडी आम्ही त्या एका सीटसाठी घेतली, म्हणून हा अनुभवही स्टिअरिंगमागून कमी आणि मागच्या सीटवरून जास्त आहे.

घेताना भेटेल त्यानं एकच सल्ला दिला: "एवढे पैसे घालताय तर उंच गाडी घ्या की!" मोठी गाडी म्हणजे उंच गाडी, हे आपल्याकडं डोक्यात पक्कं बसलंय. आमच्याकडं आधी तसलीच होती. आबांना तिच्यात चढवताना एकानं खालून हात द्यायचा, दुसऱ्यानं आतून आधार द्यायचा. आणि एकदा बसले की रस्त्याच्या प्रत्येक लाटेला त्यांचं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर. गाडी उंच म्हटल्यावर वळणावर झुकणारच, त्यात त्या गाडीचा दोष नाही. पण झिजलेल्या मणक्यांना खड्ड्याच्या दणक्याइतकाच हा आडवा हेलकावाही सोसत नाही. आबांनीच एकदा सांगितलं, "दणका एकदाच बसतोय गं, हे डुलणं मात्र पुण्यापर्यंत सोबत असतंय."

सेडान खाली असते, मग गुडघे धरलेल्या माणसाला बसता-उठता कसं येणार, ही शंका मलाही होतीच. म्हणून ट्रायलला आबांनाच घेऊन गेले आणि फेरी मारण्याआधी त्यांना चार वेळा बसवून उठवलं. शोरूमच्या पोराला वाटलं असेल, ही बाई गाडी चालवून का बघत नाही! आबांची बसायची पद्धत फिजिओथेरपिस्टनं शिकवलेली आहे: आधी पाठमोरं व्हायचं, सीटच्या कडेला टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. त्यासाठी दाराचं तोंड रुंद पाहिजे. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३२१६ मिलिमीटर आहे, आधीच्या पिढीच्या लांब गाडीपेक्षा ५१ मिलिमीटर जास्त. कागदावर हा आकडा दोन इंचांचा. पण आबांची चप्पल दाराच्या चौकटीला न घासता आत जाते की नाही, ते या दोन इंचांतच ठरतं. शिवाय एअर सस्पेन्शनमुळं, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेल्या चाकांमुळं, उभ्या गाडीची उंची स्क्रीनवरून वाढवता येते. आबा बसताना काका, म्हणजे आमचे ड्रायव्हरकाका, गाडी वर घेतात. मग सीटची कड बरोबर घरातल्या खुर्चीच्या उंचीला येते. एसयूव्हीत चढावं लागायचं, साध्या सेडानमध्ये खाली उतरल्यासारखं बसावं लागतं. इथं नुसतं टेकायचं.

उतरतानाचं गणित वेगळं आहे आणि ते कोणी आधी सांगत नाही. मागची सीट ४३.५ अंशांपर्यंत मागं झुकते, पोटऱ्यांखालचा आधार पुढं येतो, माणूस जवळजवळ आरामखुर्चीत पहुडतो. त्या अवस्थेतून तरुण माणसालाही चटकन उठता येत नाही. सीट सगळी सरळ व्हायला वेळ लागतो, मोटरी आपल्या संथ गतीनंच काम करतात, आणि ते तसंच हवं. म्हणून आम्ही सवय लावून घेतली: पुण्याच्या तोंडाशी नवले पूल आला की काका पुढून नुसतं "आबा, सीट" म्हणतात. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत आबा ताठ बसलेले असतात.

आता खुद्द सीट. या गाडीतली माझी सगळ्यात आवडती वस्तू ना स्क्रीन आहे ना इंजिन, ती हेडरेस्टवरची उशी आहे. हाताला अगदी आपल्या घरच्या कापसाच्या उशीसारखी लागते. डोकं टेकवलं की मान नेमकी तिच्या खळग्यात बसते. तिच्यात गरम करायची सोय आहे. कोल्हापूरच्या उन्हात उशी गरम करून काय करायचं, असं मला वाटलं होतं. पण मानेच्या दुखण्याला आपण शेक देतो, तोच हा शेक. एसी चालू, खांद्यापासून खाली गार, आणि मानेला मंद ऊब. साताऱ्यापर्यंत आबांचे डोळे मिटलेले असतात. पोटरीचा आधार आधीच्या पिढीपेक्षा ५० मिलिमीटर लांब केलाय आणि तो उंच माणसाच्या लगेच लक्षात येतो. आबा पावणेसहा फुटांचे आहेत. एरवी प्रत्येक गाडीत त्यांच्या मांडीखालचा भाग अधांतरी राहायचा आणि सगळा भार कमरेवर यायचा.

मसाजचे दहा कार्यक्रम आहेत. त्यातला सर्वांत सौम्य एकच ते वापरतात, तोही परतीच्या वाटेवर वीसेक मिनिटं. मणक्याचा त्रास असणाऱ्यानं हे डॉक्टरांना विचारूनच वापरावं. आम्ही विचारलं होतं. सीटमधून हवा खेळती ठेवायची सोय मात्र रोज लागते. एप्रिल-मेमध्ये कराडच्या आसपास दुपारी दोनला गाडीत असाल तर तिची किंमत कळते. पाठीचा घाम धरत नाही.

सीटची बटणं दारावर आहेत, सीटच्याच आकाराची. ही मर्सिडीजची जुनी आणि मला अतिशय शहाणी वाटणारी पद्धत. पाठ मागं घ्यायची तर पाठीच्या आकाराचं बटण मागं लोटायचं, वाचायची गरजच नाही. या पिढीत मात्र ती बटणं हलत नाहीत, बोटाचा दाब तेवढा ओळखतात. आबांच्या बोटांना घट्टे आहेत. बटण हललं नाही म्हणजे काम झालं नाही असं समजून ते आणखी जोरात दाबत आणि सीट हवी त्यापेक्षा पुढं जाई. आठ-दहा दिवसांत अंदाज आला. माझं मत विचाराल तर हाताला हललेलं कळतं ते बटण म्हाताऱ्या माणसाला जास्त सोयीचं. आधीच्या पिढीपेक्षा या गाडीत २७ बटणं कमी केलीत. घरात वयस्क माणसं असतील त्यांनी हे ध्यानात ठेवून घ्यावी आणि पहिल्याच आठवड्यात निवांत बसून सीटची हवी ती ठेवण गाडीच्या मेमरीत साठवून टाकावी. नंतर एकच बटण लागतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. या गाडीतली शांतता.

ती शांतता एका कुठल्या वस्तूतून येत नाही. बाहेरून गाडी पाहिली तर दाराच्या मुठी दिसतच नाहीत, पत्र्याच्या पातळीत बसलेल्या असतात, आणि गाडी उघडली की बाहेर येतात. पहिले काही दिवस बघायला आलेले लोक दार कुठून उघडायचं ते शोधत असत. ती नुसती हौस नाही. वाऱ्याला अडणारी प्रत्येक कड आवाज करते, म्हणून ती कड काढून टाकलीय. हवेचा विरोध मोजायचा जो आकडा असतो तो या मॉडेलमध्ये ०.२२ पासून सुरू होतो, एवढ्या मोठ्या गाडीला तो फारच कमी आहे. बॉडीच्या पोकळ भागांत आवाज गिळणारा फोम भरलाय. फौंड्रीतल्या माणसाला हे लगेच पटतं. पोकळ कास्टिंगवर टिचकी मारली की ते वाजतं, आत वाळूचा कोअर (पोकळी राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) असेल तर ठप्प आवाज येतो. आबांनी पहिल्याच दिवशी दाराच्या मागच्या खांबावर बोटाची गाठ मारून बघितली आणि म्हणाले, "भरीव वाजतंय."

पण हे आकडे आणि फोम एकीकडे. घडलं ते असं. मी मागं उजवीकडं बसते, म्हणजे आबांच्या मशीनच्या कानाकडं. जुन्या गाडीत ताशी नव्वदच्या वेगाला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज मिळून एक सलग घरघर असायची. कानाचं मशीन सगळेच आवाज मोठे करतं, बोलणंही आणि घरघरही. त्यामुळं आबा पेठनाका सुटला की मशीन काढून खिशात ठेवत. मग चार तास आम्ही शेजारी बसून गप्प. काही सांगायचं असेल तर ओरडायचं, आणि ओरडून माणूस फक्त कामाचं बोलतो: पाणी पाहिजे का, गोळी घेतली का.

या गाडीत मशीन खिशात गेलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ते माझ्या लक्षात आलं. आम्ही उंब्रजच्या पुढं आलो होतो, मी फोनवर कारखान्यातल्या मॅनेजरशी हळू आवाजात बोलत होते, आणि आबा मध्येच म्हणाले, "त्याला सांग, कोअर नीट भाजलेला नाही, म्हणून भोकं पडाय लागल्यात." त्यांनी माझं हळू बोललेलं ऐकलं होतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतरच्या फेऱ्यांत त्यांनी मला कितीतरी गोष्टी सांगितल्या, ज्या घरात पंखा, टीव्ही आणि नातवंडांच्या गोंधळात कधीच बोलल्या गेल्या नव्हत्या. लोखंड वितळवायची पहिली कुपोला भट्टी लावली तेव्हा कोक मिळवायला किती वणवण केली. वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या रंगावरून तापमान कसं ओळखायचं. आईला पहिल्यांदा कुठं बघितलं. आवाज न चढवता.

रस्ता खराब असला की टायरचा आवाज इथंही येतो, येत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काँक्रीटच्या पट्ट्यांवर एक बारीक गुणगुण असते. पण ती बोलण्याच्या खाली राहते.

गाडीच्या रूपाबद्दल मी आबांवरच विसंबते, कारण ते पॅटर्नमेकर, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो लाकडी नमुना घडवणारे. लाकडाच्या पॅटर्नवर हात फिरवून अर्ध्या मिलिमीटरची खोट सांगणारा माणूस. गाडी घरी आली त्या संध्याकाळी ऊन तिरपं होतं. त्यांनी पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत तळहात टेकवून एकदाच चाल केली. मग म्हणाले, "रेघा कमी हैत. कमी रेघांचं काम अवघड." बरोबरच आहे. बाजूला ठळक कडा फारशा नाहीतच, सगळा खेळ फुगीर आणि खोलगट भागांवर पडणाऱ्या उजेडाचा आहे. रेघ असली की लहानसहान चूक तिच्यामागं लपते, मोकळ्या पृष्ठभागावर लपत नाही. फोटोत ही गाडी साधी वाटते, समोर उभी असली की नजर हटत नाही. बॉडीत ॲल्युमिनियम निम्म्याहून जास्त आहे हे कळल्यावर आबांचा पुढचा प्रश्न होता, त्यातलं ओतीव किती आणि घडीव किती. ही गाडी २०२१ च्या ऑक्टोबरपासून चाकणला जोडली जाते, याचं त्यांना कौतुक. तेव्हा डिझेलची एक्स-शोरूम किंमत १ कोटी ५७ लाखांपासून होती, पुढं वाढत गेली.

आतली रोषणाई मला आधी लग्नाच्या हॉलसारखी वाटली. आतून सगळीकडं मिळून अडीचशेच्या आसपास एलईडी, ६४ रंग. आम्ही ती बंदच ठेवणार होतो. एका रात्री परत येताना आबांनी काकांना एकेक रंग लावायला लावले आणि नारिंगीकडं झुकलेल्या एका पिवळ्यावर हात वर केला. "ह्योच. लॅडलमधल्या रसाचा." लॅडल म्हणजे रस ओतायचं भांडं. तेव्हापासून तोच रंग आहे, अगदी मंद करून ठेवलेला.

मधला स्क्रीन १२.८ इंचांचा, ओएलईडी, दिसायला देखणा. चकचकीत पृष्ठभाग म्हटल्यावर बोटांचे ठसे उमटणारच, दारातल्या कप्प्यात एक मऊ कापड कायम असतं. आवाजी हुकूम चालतात पण मराठी कळत नाही, म्हणून आबा त्याच्या वाटेला जात नाहीत. बर्मेस्टरची साउंड सिस्टीम आहे. आम्ही तिच्यावर सकाळी अभंग लावतो, हळू आवाजात, आणि पखवाजाचा 'धा' छातीत जाणवतो. यापेक्षा जास्त मला त्यातलं कळत नाही.

हलक्या रंगाचं आतलं काम निवडणार असाल तर जोतिबाची गोष्ट ऐका. आमच्या सीट बदामी रंगाच्या आहेत. एका रविवारी डोंगरावर गेलो, दर्शन झालं, गुलाल-खोबरं अंगावर पडलं, आणि आबा तसेच गुलालानं माखलेले सीटवर बसले. जोतिबाचा गुलाल तो, झटकायला कोण सांगणार? घरी आल्यावर बघितलं तर हवा येण्यासाठी सीटच्या चामड्याला जी बारीक छिद्रं असतात, त्या प्रत्येक छिद्रात गुलाबी ठिपका. माझ्या धाकट्या भावानं ओलं फडकं उचललं होतं, मी जवळजवळ ओरडलेच. गुलाल ओला झाला की रंग धरतो. आधी सीटचं वारं बंद ठेवायचं, मग व्हॅक्यूमचं मऊ ब्रशचं तोंड लावून कोरडंच ओढायचं, उरलेलं रंगाच्या कोरड्या ब्रशनं छिद्रातून हलकेच उचलायचं आणि अगदी शेवटी चामड्याचं क्लीनर, तेही फडक्यावर घेऊन. दोन तास लागले, पण डाग उरला नाही. एका शिवणीत मात्र अजून थोडा गुलाबी रंग दिसतो. आई म्हणते, राहू दे, देवाचा आहे.

सस्पेन्शनबद्दल. स्पीडब्रेकर, रस्त्याचे जोड, उखडलेला डांबरी पट्टा, हे सगळं गाडी मऊपणे पोटात घेते, आणि महत्त्वाचं म्हणजे घेतल्यावर डुलत राहत नाही. एक उसळी, संपलं. खंबाटकी चढताना एकामागून एक वळणं येतात तिथं आबांचं डोकं उशीवरच राहतं, हीच आमची परीक्षा होती. पण एअर सस्पेन्शन म्हणजे जादू नव्हे. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामात कराडच्या अलीकडं एका डायव्हर्जनला, पावसाच्या पाण्यानं भरलेला खड्डा रात्री दिसला नाही आणि पुढच्या डाव्या टायरची बाजू कापली गेली. पातळ बाजूचे टायर अशा ठिकाणी हरतातच. दीड तास रस्त्याकडेला थांबलो. त्या दीड तासात आबा सीटवर निजून होते, हा त्यातला दिलासा. निवड असेल तर दिसायला देखणी मोठी चाकं घेऊ नका, त्यातल्या त्यात लहान चाकं आणि जाड टायर घ्या. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास आम्ही बंदच केलाय.

लांबी ५२८९ मिलिमीटर, सतरा फुटांच्या वर. आरसे धरून रुंदी दोन मीटरच्या पुढं. महाद्वार रोडकडं ही गाडी नेण्याचा विचारही करू नका. आम्ही अंबाबाईला जाताना बिंदू चौकात लावतो आणि तिथून आईला रिक्षानं नेतो. पेठांतल्या नातेवाइकांकडं तर जुनी छोटी गाडीच जाते. चारी बाजूंचे कॅमेरे चांगले आहेत, पण गल्ली रुंद करायचं काम कॅमेरा करत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात: सहा सिलिंडर एका ओळीत, २८६ हॉर्सपॉवर, ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद. मी स्वतः चालवते तेव्हा आवडतं. भरल्या गाडीनं घाटात ट्रक ओलांडताना इंजिनाचा आवाज चढत नाही, गाडी नुसती पुढं सरकते. हायवेला आम्हाला लिटरला चौदा-पंधरा किलोमीटर पडतात, गावात नऊच्या आत. ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव, भरायचं लक्षात ठेवावं लागतं. खर्चाची बाजू ज्याची त्यानं बघावी. सर्व्हिस, टायर, विमा, सगळंच गाडीच्या किमतीला शोभेल असं असतं, त्यात नवल नाही.

कोणाला ही गाडी घ्यायची असेल तर एवढंच करा: जो माणूस मागं बसणार आहे त्याला ट्रायलला न्या. त्याला अर्धा तास सीट पूर्ण मागं घेऊन झोपू द्या, मग स्वतःचं स्वतः उठायला सांगा. शोरूमच्या दारातली गुळगुळीत फेरी नको, तुमच्या रोजच्या वाईट रस्त्यावरून फिरवायला सांगा. आणि त्या वेळी त्याच्याशी हळू आवाजात बोलून बघा.

येत्या गुरुवारी पुन्हा पुण्याची फेरी आहे. उशीला आईनं जुन्या नऊवारीचा मऊ अभ्रा शिवलाय, तेल लागू नये म्हणून. मेमरीतला पहिला नंबर आबांचा आहे, त्याला घरात कोणी हात लावत नाही.